जर्दाळूकडे टक लावू नये

एल्योर आला त्या दिवशी बोरी-अकाने पुलाव केला होता, आणि माझं डोकं तिथेच फिरलं. आमच्या कोकबुलोकच्या वेधशाळेत पुलाव होतो तो कुणाचं लग्न ठरलं तर, नाहीतर कुणी गेलं तर. राजधानीतून एक मनुष्य आमच्या उस्तादांचं नाव पुसून टाकायला येतोय, आणि त्याच्यासाठी आम्ही गाजरं चिरत बसायचं?

"पाहुणा आहे, हुलकार," कढईत झारा फिरवत बोरी-अका म्हणाला. "पोट भरलं की माणूस जरा मऊ पडतो. तू फक्त जेवण होईपर्यंत तोंड आवर."

"जेवण होईपर्यंतच."

"तेवढं पुष्कळ झालं. तुझ्या मानाने फार झालं."

बोरी-अका, म्हणजे बोरीदादा, आमचा ड्रायव्हर, आचारी आणि पहारेकरी. मी इथली शेवटची उरलेली निरीक्षक. डोंगराच्या पाठीवर आमचे दोन घुमट आहेत. थोरला विजेवर फिरतो, त्यातली दुर्बीण मोठी आहे आणि तिला कॅमेरा लावता येतो. धाकटा अजून दोर ओढून फिरवावा लागतो. त्यात पितळी नळीची जुनी दुर्बीण आहे, तिला फक्त माणसाचा डोळा चालतो. मिर्झोहिद उस्तादांनी उभा जन्म त्या धाकट्या घुमटात काढला आणि मला तारे बघायला तिथेच शिकवलं.

एल्योर दिसायला अगदी सज्जन निघाला. तरुण, काटकुळा, दारातच छातीवर हात ठेवून वाकला. मला ओपा, म्हणजे ताई, म्हणत माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, बोरी-अकाच्या नातवंडांची केली, वाटेत भेटलेल्या मेंढ्यांचीही केली असती. अशा माणसावर ओरडता येत नाही, म्हणून मला आणखीच राग येत होता. पुलाव संपला, हिरवा चहा ओतला गेला, आणि मग त्याने वाटी खाली ठेवली.

"ओपा, देशातल्या सगळ्या वेधशाळांची जुनी निरीक्षणं एकत्र छापतोय आम्ही. मोठा ग्रंथ होणार आहे. मिर्झोहिद उस्तादांची मात्र त्यात घेता येणार नाहीत. वाईट वाटतं सांगायला."

"कुठली घेता येणार नाहीत?"

"कुठलीच नाही."

"एका ताऱ्यापायी माणसाचा जन्म खोडणार तुम्ही?"

"तो एक तारा म्हणजे त्यांच्या तराजूतलं वजन होतं, ओपा. वजनच खोटं, मग तोललेलं सगळं खोटं. आणि लोक असंही म्हणतात की उस्ताद म्हातारपणी चुलीपाशी बसून आकडे... मी नाही म्हणत. लोक म्हणतात."

बोरी-अकाने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. जेवण झालेलं होतं, म्हणून मी तो बाजूला सारला.

"लोकांना सांगा, इथे येऊन एक हिवाळा काढा," मी म्हटलं. "बोटं धातूला चिकटतात इथे. चुलीपाशी बसायचं असतं तर तो माणूस पस्तीस वर्षं कशाला वर चढला असता?"

तो तारा म्हणजे आमचा जर्दाळू. त्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. जर्दाळू हे उस्तादांनी ठेवलेलं. भूतप मंडळात स्वातीच्या जवळच तो असतो. स्वाती आपली दिमाखात झळकते, आणि पाहुण्यांना वाटतं आम्ही तिच्यावरच काम करतो. जर्दाळू नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. दुर्बिणीत मात्र पिकलेल्या फळाच्या रंगाचा शांत ठिपका दिसतो. सूर्याहून थंड म्हणून नारंगी, सूर्याच्या चाळीसपट रुंद, वयाने म्हातारा, पोटातलं इंधन संपत आलेलं. असे तारे पुष्कळ असतात. त्याच्या शेजारी एक चंचल तारा आहे, कधी फुलतो कधी मंदावतो. त्याचं तेज मोजायचं तर बाजूला एक न बदलणारा तारा लागतो, ज्याच्याशी ताडून बघता येईल. जर्दाळू तो. उस्तादांच्या सगळ्या मोजमापाचं वजन तो होता, आणि शेवटच्या काही वर्षांत उस्ताद सांगू लागले होते की ते वजनच वाढतंय, जर्दाळू उजळतोय.

नारंगी तारा डोळ्याने मोजायची एक रीत असते. त्याच्याकडे टक लावायची नाही. एकटक पाहिलं की नारंगी रंग डोळ्यात साचत जातो आणि तारा आहे त्याहून तेजस्वी वाटतो. म्हणून एक ओझरती नजर, मग बाजूला, मग पुन्हा एक ओझरती. मी पहिल्यांदा दुर्बिणीपाशी बसले तेव्हा उस्तादांनी हसून सांगितलं होतं, "नवी सून सासरी आल्यावर बुरखा उचलून तोंड दाखवते ना, तेव्हा भली माणसं कशी बघतात? एकदा बघायचं, आशीर्वाद द्यायचा, नजर खाली. टक लावून बघतो तो निलाजरा." माझं नाव हुलकार, म्हणजे कृत्तिका. माझ्या धनगर बापाने ठेवलेलं. उस्ताद मला चिडवायचे की तुझ्या नावाच्या ताऱ्यांकडे हवं तेवढं टक लावून बघ, जर्दाळूकडे नको.

तर असा माणूस, आणि त्याच्यावर आळ आला की तो आकडे रचतो. आठ वर्षांपूर्वी त्यांना राजधानीत समितीपुढे जाब द्यायला बोलावलं. निघायच्या सकाळी ओयनिसा-खालाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, तंदुरातली गरम नान आणली. आमच्यात लांब जाणाऱ्याला नानचा एक घास चावायला लावतात. उरलेली नान भिंतीवर टांगून ठेवतात, आणि तो परत आला की तीच त्याने संपवायची असते. उस्तादांनी घास चावला. मग गाडीत बसता बसता मला जवळ बोलावून म्हणाले, "हुलकार, मी टक लावली. तू लावू नकोस."

मला तेव्हा त्यांचाही राग आला. समितीने अजून काही विचारलेलं नाही, आणि हा माणूस आपणहून चूक कबूल करतोय! मी ते वाक्य कुणालाच सांगितलं नाही.

गाडी बोरी-अका चालवत होता. खिंडीत इंजिन तापलं म्हणून त्याने थांबवली. दिवस मावळला होता. उस्ताद खाली उतरले, वर बघत उभे राहिले. बोरी-अका पाणी ओतून वळला तर ते तिथे नव्हते. तिथे दरी नाही, झाड नाही, लपायला एक दगडसुद्धा नाही. पोलिसांनी लिहिलं, म्हातारा लाजेने तोंड लपवून कुठेतरी निघून गेला. लाजेने! ज्या माणसाने आयुष्यात कधी चहात दुसऱ्यांदा साखर मागितली नाही तो लाज वाटण्यासारखं काय करणार होता? ती नान ओयनिसा-खालाच्या भिंतीवर अजून टांगलेली आहे.

"मग मोजून बघा ना," मी एल्योरला म्हटलं. "कॅमेरा आणलाय ना सोबत? त्याला तरी म्हातारपण आलेलं नाही."

"त्यासाठीच आणलाय," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं समाधान व्हावं म्हणून."

माझं समाधान! पण मला खरंच हवं होतं ते.

त्याच संध्याकाळी अंधार पडताच त्याने थोरल्या घुमटात कॅमेरा बसवला. खालच्या गावातले जर्दाळू नुकते फुलले होते, वर आमच्याकडे खडकांच्या सावलीत अजून बर्फ होतं. संगणकाच्या पडद्यावर जर्दाळूच्या तेजाची रेघ उमटू लागली, शेजारच्या ताऱ्यांच्या रेघा तिच्याखाली. सगळ्या सरळ. तासभर झाला तरी सरळच.

"दोरी ताणल्यासारखी आहे," एल्योर म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, कीव होती. "ओपा, म्हातारपणी माणसाच्या डोळ्यांचा रंग बदलतो. कुणाचाच दोष नाही त्यात."

ती कीव मला सोसवली नाही. मी कोट घेतला आणि दार आपटून धाकट्या घुमटात गेले. दोर ओढून फट भूतपाकडे वळवली, खुर्चीत बसले आणि डोळा लावला. जर्दाळू होता तिथेच होता. मी रीतीप्रमाणे एक ओझरती नजर टाकली. मग बाजूला. मग वाटलं, कुणासाठी पाळायची ही रीत? ज्याने शिकवली त्याला तुम्ही खोटा ठरवलंत. मी रागाने डोळा लावला आणि काढलाच नाही.

तो उजळला. उजळणारच, डोळ्याचा खेळ आहे तो, मला ठाऊक होतं. रंग गडद होत गेला, मग तापलेल्या तंदुराच्या तोंडासारखा झाला. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी उठले.

परत आले तर एल्योर पडद्यापुढे उभा होता. रेघेवर एक टेकाड उमटलं होतं. फक्त जर्दाळूच्या. बाकीच्या रेघा सरळ होत्या.

"तुम्ही दिवा लावला होता का तिकडे?"

"अंधारात काम करायला मला दिवा लागत नाही."

"मग ढग असेल."

"ढगाने तारा उजळतो होय? शाळेत काय शिकलास तू?" राग आला की माझं तुम्हीचं तू होतं.

तो टेकाडाच्या सुरुवातीवर बोट ठेवून बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारभर त्याने कॅमेरा उघडून पुसला, वायरी तपासल्या. संध्याकाळी दोन घुमटांमधला जुना टेलिफोन बोरी-अकाने ठोकून ठाकून चालू केला, आणि मी धाकट्या घुमटात बसले.

"बघा," फोनमधून एल्योरचा आवाज आला. मी टक लावली. "पुरे." मी नजर काढली. "ओझरतं बघा." तसं बघितलं. "आता फट बंद करून बघा." नुसता काळोख बघितला. "आता पुन्हा बघा." असं किती तरी वेळ चाललं. मग तिकडून आवाजच येईना.

"झोपलास का?"

"ओपा, इकडे या."

मी गेले. टक लावली तेव्हा टेकाड होतं. ओझरतं बघितलं तेव्हा नव्हतं. फट बंद असताना नव्हतं. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. आठ वर्षं! आठ वर्षं मी लोकांच्या माना हलताना बघत होते. उस्तादांनी काही रचलं नव्हतं. त्यांनी टक लावली होती, आणि तारा खरोखर उजळला होता.

"आता बोल," मी म्हटलं. "खोटा कोण?"

"ओपा, हे नीट बघा." त्याने चित्र मोठं केलं. "मी 'बघा' म्हणायच्या आधीच रेघ चढायला लागलीये. दर वेळी. थोडीशीच आधी."

बोरी-अका चहा घेऊन आला होता. त्याने किटली टेबलावर ठेवली आणि पडद्याकडे पाठ करून उभा राहिला.

मग मला वेगळाच राग यायला लागला. जर्दाळूचा उजेड इथवर यायला सहाशे वर्षं लागतात. त्या संध्याकाळी कॅमेऱ्यात पडलेला उजेड तिकडून निघाला तेव्हा समरकंदला उलुगबेगच्या वेधशाळेच्या विटा रचल्या जात होत्या आणि दुर्बीण नावाची वस्तू जगात नव्हती. म्हणजे कोकबुलोकच्या धनगराची मुलगी एका काटकुळ्या माणसावर चिडून दार आपटणार आणि डोळा लावणार, हे तिकडे तेव्हाच ठरलं होतं? कुणी ठरवलं? मला विचारलं होतं कुणी?

मी जर्दाळूला फसवायचं ठरवलं. टक लावायची असा पक्का निश्चय करून डोळा जवळ नेला, आणि शेवटच्या क्षणी मान फिरवली. फोन उचलला.

"चढली का?"

"नाही. हललीसुद्धा नाही."

जर्दाळूला हेही माहीत होतं.  फोन तसाच लोंबकळत टाकून मी बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी एल्योर म्हणाला, "मी बघतो."

मला तो नकोच होता त्या खुर्चीत. पण त्याच्या सहीशिवाय उस्तादांचं नाव छापलं जाणार नव्हतं, म्हणून मी किल्ली दिली. तो बराच वेळ आत होता. पडद्यावर रेघ इतकी चढली की चौकटीबाहेर गेली. मी फोनवर 'पुरे' म्हटलं, तीनदा म्हटलं. शेवटी बोरी-अका जाऊन त्याला दंडाला धरून घेऊन आला.

एल्योर स्वयंपाकघरात येऊन बसला. उजवा डोळा चोळत होता. पुढ्यात सूप ठेवलं, त्याने चमचाही उचलला नाही.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"तारा."

"तेवढाच?"

"कुलपाच्या भोकातून बघावं, आणि पलीकडूनही कुणी..." तो म्हणाला आणि थांबला. "काही नाही, ओपा. दमलोय."

बोरी-अका उठून दाराची कडी लावून आला.

"आता लिहून दे," मी एल्योरला म्हटलं. "उस्तादांचं बरोबर होतं असं लिही."

"कोण विश्वास ठेवेल? म्हणतील कॅमेऱ्यात दोष आहे. मीसुद्धा तेच म्हणालो असतो."

"म्हणजे तुझ्या लाजेपायी तो माणूस खोटा राहणार?" माझा आवाज चढला. "त्याची बायको आठ वर्षं भिंतीवरच्या नानकडे बघत बसलीये. गावातल्या बायका तिच्यासमोर समितीचा विषय निघाला की गप्प होतात. तिला काय सांगू? राजधानीतल्या साहेबाला दिसलं सगळं, पण त्याला आपल्या मित्रांची भीती वाटली?"

त्याचा चेहरा उतरला. "लिहीन," तो म्हणाला.

मी टेबलावरची नान त्याच्यापुढे सरकवली. आमच्यात नानवर हात ठेवून घेतलेली शपथ मोडत नाहीत. त्याने हात ठेवला.

"उस्तादांचं नाव पहिलं," मी म्हटलं.

"पहिलं."

"आणि आता ओझरतं बघायचं. टक कुणी लावायची नाही."

त्याने हात उचलला. "ओपा, हे छापलं की सगळं जग टक लावणार. ते कसं थांबवणार?"

मला ते ऐकून बरंच वाटलं. खरं सांगते. सगळं जग बघू दे, मला वाटलं. बघू दे सगळ्यांना, कुणाला त्यांनी खोटं पाडलं ते.

एल्योरने शब्द पाळला. वसंत संपायच्या आत बातमी गेली, उस्तादांचं नाव पहिलं. आधी लोक हसले. मग कुणीतरी कुठल्याशा बेटावरच्या दुर्बिणीतून पाहिलं, मग आणखी कुणी, आणि मग हसणं थांबलं. एल्योर दर दोन दिवसांनी फोन करायचा. "ओपा, सगळे बघताहेत! वाळवंटातल्या दुर्बिणी, अवकाशातल्या, शाळेतली पोरंसुद्धा!" मी गावात जाऊन ओयनिसा-खालाला सांगायचे. ती कशिदा काढत ऐकायची आणि टाके मोजायची.

जर्दाळूची रेघ आता खाली उतरत नव्हती. जगात कुठे ना कुठे अंधार असतोच, आणि कुणी ना कुणी बघतच होतं.

मग एल्योरचे फोन कमी झाले. एकदा संध्याकाळी त्याचा फोन आला.

"ओपा, मी गच्चीवर आहे. दुर्बीण नाहीये हातात. तरी दिसतोय."

"आत जा."

"ओपा, लोकांना सांगा बघू नका म्हणून. तुमचं ऐकतील."

"माझं कधी कुणी ऐकलंय? आत जा म्हणते ना!"

"जातो," तो म्हणाला, पण फोनमध्ये वाऱ्याचा आवाज येतच राहिला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मी केले, ते कुणी उचलले नाहीत.

मी धाकटा घुमट बंद करून कुलूप घातलं. बोरी-अकाने न सांगता फटीवर ताडपत्री बांधली. "खिंडीत त्या दिवशी," गाठ मारता मारता तो म्हणाला, "उस्तादांनी मला हाक मारली होती. म्हणाले, बोरी, हे बघ. मी बघितलं नाही. इंजिनात पाणी ओतत होतो." आठ वर्षांत त्याने हे पहिल्यांदा सांगितलं. मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण मग मला त्याचा हात दिसला, दोरी घट्ट धरलेला, आणि मी ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.

छापील ग्रंथ आला तेव्हा गावात छपराछपरांवर जर्दाळू वाळत घातले होते. मी ग्रंथ काखोटीला मारून संध्याकाळी ओयनिसा-खालाकडे गेले. ती अंगणातल्या लाकडी माचावर बसली होती, पुढ्यात चहाच्या दोन वाट्या. मला वाटलं, एक माझ्यासाठी.

"खाला, आलं बघ! पहिल्या पानावर आहे नाव. मिर्झोहिद. आता बोलू दे कुणाला काय बोलायचं ते."

तिने पानावरून हात फिरवला. तिला वाचता येत होतं, पण तिने वाचलं नाही.

"तुला नाव हवं होतं, हुलकार," ती म्हणाली. "मला माणूस हवा होता."

 तिचं खरं होतं, आणि मला ते इतक्या वर्षांत सुचलंच नव्हतं.

अंधार पडत होता. भिंतीच्या वर आकाशात आमचा जर्दाळू तारा दिसू लागला होता. बाकी एकही तारा दिसण्याआधी. स्वाती त्याच्या शेजारी आता शोधावी लागत होती. वाळत घातलेले जर्दाळू, माच, चहाच्या वाट्या, सगळ्यांवर फिकट नारंगी रंग चढला होता. शेजारच्या छपरावर पोरं बोट दाखवून ओरडत होती.

खालाने ओढणी कपाळावरून खाली, पार हनुवटीपर्यंत ओढून घेतली. नव्या सुनेसारखी.

"बघतोय," ती ओढणीआडून म्हणाली. "घर शोधतोय असं बघतोय."

"खाला, आत चल."

ती उठली. आतल्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली नान तिने खाली काढली. वर्षानुवर्षं मी ती बघत आले होते. दगडासारखी कडक, करडी पडलेली, एका बाजूला उस्तादांच्या चाव्याची खूण. एकदा पडली होती तेव्हा फरशीचा टवका उडाला होता.

"आमचे हेच असतील ना गं?" तिने विचारलं. "जे येतंय ते?"

 तिने नान माझ्या हातात ठेवली.

ती मऊ होती. कोमट होती, तंदुरातून नुकती काढल्यासारखी. चाव्याची कड ओली होती.